भिंतीवरची नदी जोडताना

माझ्याबद्दल घरात एक कायमची तक्रार आहे. कोणाच्याही लग्नाला गेलो की नवरा-नवरीकडे बघायच्या आधी मी स्टेजमागचा छापील पडदा बघते. तोही लांबून नाही, अगदी जवळ जाऊन, मान वाकडी करून. मग मुलगी दंडाला धरून मागे ओढते, "आई, चाल ना, लोक पाहून राहिले." पण मी तरी काय करणार? नोकरीची बहुतेक वर्षं मोठी चित्रं छापण्यात गेली, आणि मोठं चित्र कधीच एका तुकड्यात छापलं जात नाही. ते कुठे जोडलंय हे शोधायची डोळ्यांना खोड लागली. मी निवृत्त झाले, डोळे अजून कामावर जातात.

हे काम काय असतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मशीनची रुंदी ठरलेली असते, भिंतीची नसते. कापडाच्या ताग्यासारखा व्हिनाइलचा रोल मशीनमध्ये एका बाजूने आत जातो. त्याच्या वरून शाईचं हेड डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे धावत असतं, आणि छापलेला पट्टा पुढे सरकत बाहेर येतो. खोलीची अख्खी भिंत भरायची असेल तर असे उभे पट्टे छापायचे आणि शेजारी शेजारी चिकटवायचे. रेघेला रेघ जुळवणं हे चांगल्या फिटरच्या हाताचं काम, ते होऊन जातं. रंगाला रंग जुळवणं हे खरं दुखणं. दोन पट्टे दोन खोल्यांत ठेवा, भल्याभल्यांना फरक सांगता येणार नाही. तेच कडेला कड लावून ठेवा, शेंबडं पोरही सांगेल की हा निळा वेगळा आणि हा वेगळा.

माझं माहेर उमरेडचं, घरी हातमाग. बाबा सूत रंगवायचे. एका लुगड्याला लागेल तेवढं सगळं सूत ते एकाच भांड्यात, एकाच वेळी बुडवायचे. भांडं लहान पडतंय म्हणून कोणी दोनदा रंगवलं की त्यांचा पारा चढायचा. "दोन भांड्यांचं सूत एका लुगड्यात जाऊ देऊ नको वं मालती," हे मी शाळेत पाढे शिकायच्या आधी ऐकलं असेल. माग बंद पडले, घरातली माणसं मिळेल त्या कामाला लागली. लग्नानंतर मी नागपुरात राजाभाऊंच्या प्रेसमध्ये आले. सुरुवातीला संगणकावर अक्षरं जुळवत होते. मोठी मशीन आली आणि रंग बघायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. कोणी नेमलं नाही. दोन पट्टे समोर धरले की जो तो म्हणायचा, "ताईले विचारा."

पण बाबांचं ते वाक्य या धंद्यात किती खरं आहे हे मला एका नवरीने शिकवलं.

इतवारीत साड्यांचं एक मोठं दुकान. लग्नसराईच्या तोंडावर मालकांना आतल्या भिंतीवर शालू नेसलेली नवरी हवी होती, जमिनीपासून छतापर्यंत. चित्र आलं, मापं झाली, आणि पट्ट्यांचा जोड नेमका नवरीच्या नाकावरून गेला. त्यात पहिला पट्टा छापून झाला आणि रोल संपला. आम्ही तोच माल, त्याच कंपनीचा, दुसरा रोल चढवला. शाईची बाटलीही मध्येच बदलली. भिंतीवर लावल्यावर मालकांनी मला फोन करून बोलावून घेतलं. गादीवर बसवलं, चहा मागवला, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, अर्धी नवरी माहेरची अन् अर्धी सासरची दिसून राहिली."

बघितलं तर खरंच. डावा गाल गुलाबी, उजव्या गालाला कावीळ. व्हिनाइलचा पांढराही प्रत्येक खेपेला थोडा वेगळा असतो, कधी निळसर, कधी पिवळट. त्यावर तीच शाई टाकली तरी रंग बदलतो. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला. एका भिंतीचे सगळे पट्टे एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेच्या रोलवर, एकाच शाईवर, एका बैठकीत आणि शेजाऱ्यामागे शेजारी या क्रमाने छापायचे. आणि कोणाच्याही चेहऱ्यावरून जोड न्यायचा नाही. दुकानदाराला आम्ही नवी नवरी दिली. जुनी त्यांनी गोदामात लावली. तिथले हमाल तिला कोणत्या बाजूने बघायचं यावर पैजा लावतात असं नंतर कळलं.

दुसरे एक होते प्रताप नगरचे क्लासवाले सर. त्यांच्या हॉलमध्ये आम्ही बर्फाचा डोंगर लावला होता, वर चढणारा माणूस वगैरे. वर्षभराने सुताराची शिडी घसरली आणि मधला एक पट्टा फाटला. सर म्हणाले, तेवढा एकच छापून द्या. मी म्हटलं, सर, एकटा पट्टा जुळणार नाही. भिंतीवरचे पट्टे वर्षभर ऊन खाऊन बसलेत, नवा पट्टा त्यांच्यात पाहुण्यासारखा दिसेल. त्यांना वाटलं मी काम वाढवून सांगते आहे. त्यांनी दुसरीकडून छापून लावला. पुढे कधीतरी त्या बाजूला गेले होते म्हणून डोकावले, तर त्या पट्ट्यावर वरपासून खालपर्यंत पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो! सर हसले. म्हणाले, "ताई, डोंगराकडे कोणी पाहत नव्हतं. आता सगळे आईबाप तिथंच उभे राहतात." धंद्यात अशीही उत्तरं निघतात.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती कन्हानच्या नदीची.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मुलांचा वॉर्ड नवा होत होता. सिकलसेलची, थॅलेसेमियाची मुलं तिथे रक्त घ्यायला येतात. एकदा सुई लागली की तासन् तास पलंगावर. महिन्याच्या महिन्याला तीच खोली. वॉर्डच्या प्रमुख मेश्राम सिस्टर आमच्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, "लेकरं छत पाहून पाहून कंटाळतात हो. पलंगासमोर एवढी मोठी भिंत रिकामी आहे, तिच्यावर काहीतरी द्या." राजाभाऊंनी त्यांना तयार चित्रं दाखवली: कार्टून, परीकथेतले किल्ले, समुद्रातले मासे. सिस्टरांनी मान हलवली. "हे सगळं त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. मला कन्हानची नदी पाहिजे. माझ्याजवळ चित्रकार आहे."

सिस्टर मूळच्या नागपूरजवळच्या कन्हान गावच्या, आणि चित्रकार म्हणजे वासुदेवराव पेंटर. सिस्टरांच्या लहानपणी कन्हानच्या बाजारातल्या सगळ्या पाट्या त्यांच्या हातच्या. किराणा दुकानाच्या पाटीवर गव्हाच्या लोंब्या, सायकलवाल्याच्या पाटीवर उडती सायकल. मग आमच्यासारख्यांच्या मशिनी आल्या, फ्लेक्स आलं आणि पाट्या गेल्या. वासुदेवरावांनी काही वर्षं घरं रंगवली, नंतर तेही सोडलं. सिस्टर त्यांच्या घरी गेल्या आणि नदी काढून द्या म्हणाल्या. ते आधी नाही म्हणाले. मुलांसाठी आहे हे कळल्यावर काढायला बसले.

चित्र घेऊन ते स्वतः आले. जुन्या चादरीत गुंडाळलेली फळी काखेत, पांढरा सदरा, डोळ्यांवर जाड चष्मा. टेबलावर चादर उघडली आणि आम्ही सगळे आपोआप जवळ सरकलो. सकाळची नदी. पाणी कमी झालेलं, मध्ये वाळूची बेटं, त्यांत टरबुजाच्या वाड्या, मागे रेल्वेचा पूल, काठावर अर्जुनाचं एक मोठं झाड आणि पाण्यात बसलेल्या म्हशी. आभाळ डावीकडे अजून निळं-राखाडी आणि उजवीकडे जाता जाता पिवळं होत गेलेलं. कुठे संपलं आणि कुठे सुरू झालं ते सांगता येऊ नये, असं.

मला धडकी भरली. असं हळूहळू बदलत जाणारं आभाळ म्हणजे पट्ट्यांचं मरण. त्यात जरासा फरक पडला तरी उभी रेघ दिसते.

वासुदेवरावांनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे पाहा बाई," ते म्हणाले, "ह्या मशीननं माही दुकानदारी खाल्ली. त्याचं मी आता काही म्हणत नाही. पण हे नका खाऊ."

मी म्हटलं, "नाही खाणार, काका." दुसरं काय बोलणार होते!

चित्र स्कॅन केलं, रंग जुळवले. छोटे तुकडे छापून ते वॉर्डात नेऊन भिंतीवर लावून पाहिले, कारण प्रेसच्या ट्यूबलाइटखाली जो रंग बरोबर दिसतो तो दुसऱ्या दिव्याखाली फसवतो. दवाखान्यासाठी धुता येणारं, वास न येणारं खास व्हिनाइल लागतं, ते मुंबईहून मागवलं. एकच लॉट, एकच शाई. मशीन आधी तापवून घेतली, हेडच्या सगळ्या छिद्रांतून शाई नीट उडते ना ते तपासलं, आणि एका बैठकीत सगळे पट्टे छापले. नियमात कुठेही चूक नव्हती.

फिटरांनी पट्टे चढवले आणि मी मागे सरकून पाहिलं. आभाळ प्रत्येक जोडावर तुटत होतं. डाव्या पट्ट्याची कड गडद, शेजारच्याची फिकी. पुढच्या जोडावर पुन्हा तसंच. जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तसं दिसत होतं.

वासुदेवराव आले होते. वॉर्डात अजून पलंग लागले नव्हते. ते भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले आणि परत आले. दवाखान्याचे व्यवस्थापक घाईघाईने म्हणाले, "छान आहे, छान आहे. लांबून कोणाला काही कळत नाही."

"नदी अशी तुकड्या-तुकड्यानं वाहत नाही जी," वासुदेवराव म्हणाले. आवाज चढवला नाही. "सिस्टर, माहं चित्र मले वापस द्या. भिंतीले साधा रंग मारून टाका, म्या येऊन मारून देतो."

वॉर्ड सुरू व्हायला आठवडा होता. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काका, हे काढून टाकते. सगळं. पण चित्र नेऊ नका. मला अजून एकदा करू द्या."

"दुसऱ्यांदा काय वेगळं होईन?"

"ते मला अजून माहीत नाही. पण शोधते."

ते सिस्टरांना म्हणाले, "तुम्ही सांगत असान तर थांबतो." सिस्टर म्हणाल्या, "थांबा भाऊ."

प्रेसवर राजाभाऊंना सांगितलं तर ते डोक्याला हात लावून बसले. "ताई, व्यवस्थापक हो म्हणून राहिले ना? मंग कोणाले दिसून राहिलं?"

"मला दिसून राहिलं. अन् उद्यापासून त्या पलंगावरच्या लेकरांना दिसन. त्यांना दुसरं काहीच पाहायचं नाही राहत तिथं."

राजाभाऊ माणूस चांगला. थोडा वेळ कुरकुरले, मग म्हणाले, "पण हे स्पेशल व्हिनाइल उरलं तेवढंच आहे हा. एकदाच होईन. मुंबईहून यायले टाइम नाही."

एकदाच होणार, तर आधी कारण सापडायला हवं. मी चित्र बाजूला ठेवलं आणि साध्या रोलवर एक कोरा करडा पट्टा छापला. दुसरं काही नाही, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सपाट करडा रंग. मग तो पट्टा गोल वळवून त्याची डावी कड उजव्या कडेला भिडवली. फरक लगेच दिसला. उजवी कड गडद आणि किंचित तांबूस होती. म्हणजे दोष पट्ट्या-पट्ट्यांत नव्हता, प्रत्येक पट्ट्याच्या आतच होता. डावीकडून उजवीकडे रंग थोडा थोडा सरकत जात होता. एकेकटा पट्टा पाहिला तर कळत नव्हता. एकाची उजवी कड दुसऱ्याच्या डाव्या कडेशेजारी गेली की उघडा पडत होता.

पण तो सरकतो कशाने? हेड तपासलं, ठीक. खालचा तापणारा पत्रा तपासला, ठीक. मशीनच्या उजव्या टोकाशी उभी राहून विचार करत होते आणि माझा पदर सारखा उडत होता. दोनदा खोचला, तरी उडाला. तिसऱ्यांदा खोचताना लक्षात आलं.

दिवस भर उन्हाळ्याचे, नागपूरचे. मशीनच्या खोलीतलं एसी बिघडलं होतं आणि मेकॅनिक आज येतो, उद्या येतो करत होता. मला त्रास नको म्हणून राजाभाऊंनी घरचा कूलर आणून खिडकीत लावला होता. वाळ्याच्या ताट्या, भरपूर पाणी, मस्त गार ओला वारा. तो वारा सरळ मशीनच्या उजव्या अंगावर येत होता. तिकडची हवा ओली आणि गार, डावीकडची कोरडी आणि गरम. शाई एका बाजूला झटकन वाळत होती आणि दुसऱ्या बाजूला रेंगाळत होती. तेवढ्याने रंग बदलत होता.

मी कूलर बंद केला, तासाभराने पुन्हा करडा पट्टा छापला आणि वळवून पाहिला. फरक जवळजवळ गेला होता. राजाभाऊंना बोलावून दोन्ही पट्टे दाखवले.

"म्हणजे म्या तुमच्यासाठी कूलर आणला," ते म्हणाले, "अन् त्या कूलरनं नदी तोडली?"

"हो."

ते एवढे हसले की खोकला लागला. मग स्वतः गाडी काढून गेले आणि एसीच्या मेकॅनिकला शेजारी बसवूनच परत आले.

मी वासुदेवरावांना फोन केला. कारण सापडलं म्हणून सांगितलं आणि म्हटलं, "छापायच्या वेळी तुम्ही इथं असाल तर बरं होईल." मला वाटलं नाही म्हणतील. दुसऱ्या दिवशी सकाळी कन्हानहून बस पकडून ते हजर. मी त्यांना पडद्यावर त्यांचंच चित्र दाखवलं, पट्ट्यांच्या उभ्या रेघांसकट.

"हे जोड सारखे-सारखे काहून घेतले?" त्यांनी विचारलं.

"मशीनची रुंदी तेवढी आहे म्हणून. भिंतीचे सारखे भाग केले."

"पण मशीन कमी रुंद पट्टा छापते ना?"

"छापते की."

"मंग जोड मोकळ्या आभाळात कायले ठेवता?" त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं. "हा एक पुलाच्या खांबात न्या. हा इकडे अर्जुनाच्या बुंध्यात. आमी टॉकीजच्या मोठ्या पाट्या टिनाच्या पत्र्यावर करत होतो. पत्रे वेगवेगळे रंगवायचे अन् वरतं नेऊन जोडायचे. हीरोच्या तोंडावर जोड आला तर मालक पाटी घेत नव्हता. आमी जोड केसात लपवायचो, नाही तर बंदुकीत."

मी त्यांना इतवारीच्या नवरीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. मग मी उमरेडच्या घरचं सांगितलं, एकाच भांड्यात सूत रंगवायचं ते. ते म्हणाले, "आमी पण आभाळाचा रंग एका डब्यात घोटायचो, सगळ्या पत्र्यांसाठी. कमी पडला की मेलो." मग आम्ही दोघं बसून नदीचे नवे पट्टे पाडले. एक रुंद, एक अरुंद, जिथे जशी जागा मिळेल तसे. बहुतेक जोड खांबात, बुंध्यात, म्हशीच्या पाठीत आणि काठाच्या कपारीत गेले. फक्त एक जोड मोकळ्या आभाळातून न्यावाच लागला, त्याला इलाज नव्हता.

मधल्या वेळात चहा पिताना ते सहज म्हणाले, "पाट्या बंद झाल्या तेव्हा म्या ब्रश धुऊन ठेवले, फेकले नाही." आमच्या प्रेसचं पहिलं मोठं काम कन्हान-कामठीच्या दुकानांचे फ्लेक्सच होते. त्या वेळी आम्हाला ऑर्डर मिळाल्याचा आनंद झाला होता. त्या पाट्या आधी कोण रंगवत होतं, हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याच मनात आला नव्हता. मी म्हटलं, "काका, वाईट झालं ते." ते म्हणाले, "झालं. तुमचे माग पण गेलेच ना."

छपाई सुरू केली. एसी चालू, खिडक्या बंद, कूलर अंगणात. आणखी एक खबरदारी मी घेतली होती. एक पट्टा सरळ छापायचा आणि त्याच्या शेजारचा उलटा, म्हणजे वरचं खाली. दुसरा पट्टा बाहेर येताना वासुदेवराव ताडकन उभे राहिले. "अवं बाई, नदी उलटी काहून येऊन राहिली?"

मी त्यांना दोन तळवे दाखवले. मशीनच्या उजव्या-डाव्या अंगात केसभर फरक उरला असेलच. पट्टा उलटा छापला की चित्रातली त्याची डावी कड मशीनच्या उजव्या अंगाला येते. म्हणजे भिंतीवर उजव्या अंगाला छापलेली कड उजव्याच्याच शेजारी बसते, आणि डावी डाव्याच्या. फरक असला तरी दोन्हीकडे सारखा. त्यांनी दोन्ही हात तसे फिरवून पाहिले आणि खाली बसले. "हे बरोबर हाये," म्हणाले.

सगळं नीट चाललं होतं आणि शेवटून दुसरा पट्टा अर्ध्यावर असताना लाइट गेली. बॅटरीने संगणक वाचवला, मशीन थांबली. थांबलेल्या पट्ट्यावर पुन्हा सुरुवात केली तर आडवी रेघ राहते. तो पट्टा गेला. मी उरलेला रोल मोजला. एक पट्टा होईल, दोन होणार नाहीत.

राजाभाऊ फोनवर बसले. शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे तेच व्हिनाइल थोडं मिळालं, पण लॉट वेगळा. तो रोल येईपर्यंत लाइट आली, मी दोन्हींचे तुकडे शेजारी ठेवले. नवा किंचित पिवळट. माझ्या नियमाप्रमाणे काम तिथेच थांबायला हवं होतं. डोळ्यांसमोर इतवारीची नवरी आली.

वासुदेवराव माझ्या तोंडाकडे पाहत होते. "काय झालं?"

मी सांगितलं. ते पडद्याजवळ गेले. शेवटच्या दोन पट्ट्यांचा जोड अर्जुनाच्या बुंध्यात होता. झाड असं की वरपासून खालपर्यंत चित्राचे दोन भाग करत होतं. फांद्यांच्या डावीकडे नदी आणि आभाळ, उजवीकडे काठावरचं गवत, पायवाट आणि पिवळं झालेलं ऊन. झाडापलीकडे निळ्याचा थेंब नव्हता.

"ह्या झाडाच्या पल्याड तसंही ऊन हाये," ते म्हणाले. "थोडं जास्त पिवळं झालं तर ऊन वाढलं म्हणू."

मी मशीन पुन्हा तापवली. जुन्या रोलचा उरलेला तुकडा झाडाच्या अलीकडच्या पट्ट्याला वापरला. मग नवा रोल चढवला, त्याच्यासाठी रंगाची मांडणी वेगळी केली, पुन्हा करडे तुकडे छापले, वासुदेवरावांच्या मूळ फळीशेजारी धरून पाहिले. तीन वेळा मी "जमलं" म्हटलं आणि तीन वेळा ते म्हणाले, "बुंधा अजून थोडा थंडा करा, पिवळा कमी." चौथ्यांदा त्यांनी नुसती मान डोलावली. शेवटचा पट्टा निघाला.

शाई पूर्ण वाळू दिली, घाई केली नाही. त्यावर संरक्षक पापुद्रा चढवला आणि पट्टे दवाखान्यात नेले. फिटर काम करत होते तोवर आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. आत जायची हिंमत होत नव्हती, मलाही आणि त्यांनाही. शेवटी सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "या ना, काय बसलात इथं?"

वासुदेवराव आधीसारखेच एका टोकापासून चालत गेले, पण या वेळी तळहात भिंतीवर ठेवून. बोटांनी जोड शोधत होते. पुलाच्या खांबापाशी थांबले, चष्मा वर केला, पुढे गेले. मोकळ्या आभाळातल्या त्या एका जोडाशी मात्र मी त्यांच्याआधी जाऊन उभी राहिले होते. मला तो दिसत होता, कारण तो कुठे आहे हे मला माहीत होतं. त्यांनी दोनदा हात फिरवला. "इथं हाये का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणून मान डोलावली. "मंग राहू द्या," ते म्हणाले.

वॉर्ड सुरू झाल्यावर सिस्टरांनी आम्हाला दोघांना मुद्दाम बोलावलं. पलंग लागले होते, खांबांवर रक्ताच्या पिशव्या लटकत होत्या. पहिल्या पलंगावर सात-आठ वर्षांची मुलगी होती, सुई लागलेला हात तिने उशीवर ठेवला होता आणि दुसऱ्या हाताने ती आईला पाण्यातल्या म्हशी दाखवत होती. एक म्हैस डुबून फक्त शिंगं वर होती, ती तिला सापडली होती. माझ्या नजरेस ती आजवर पडली नव्हती.

मुलीच्या आईने आमच्याकडे पाहिलं. "एवढं मोठं चित्र कोणी काढलं जी?"

मी वासुदेवरावांकडे बोट दाखवणार, तेवढ्यात तेच बोलले. "ह्या बाईनं अन् म्या. नदी माही हाये, पण भिंतीवर वाहती त्यायनं केली."

मी खाली बघून पदर नीट करत बसले. मुलीची आई मात्र आता आमच्याकडे बघत नव्हतीच. तिने मान वळवली होती, दाराकडच्या भिंतीकडे. "मंग तिकडं पण काढा ना," ती म्हणाली. "माह्या पोरीले कधी कधी त्या बाजूचा पलंग भेटन. तिकडून काहीच दिसत नाही."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. भिंत पांढरी, कोरी, मध्ये विजेचा एक बोर्ड तेवढा. सिस्टर हसत होत्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

वासुदेवरावांनी माझ्या पिशवीकडे हात केला आणि भिंत मोजायची टेप मागितली. त्यांनी ती ओढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून ते खिडकीकडे चालू लागले.